ग्राइंडरमधली चिमूटभर पूड

माझ्या भावाला कॉफीचं वेड होतं असं लोक म्हणत. ते मला कधी पटलं नाही. वेडात माणूस स्वतःला विसरतो. दादा कॉफी करताना स्वतःला क्षणभरही विसरत नसे.

देहूरोडच्या डेपोत भांडारं सांभाळण्यात त्याची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर त्यानं वलवणला, धरणाच्या बाजूला, लहानसं घर बांधलं, आणि सांभाळायला दुसरं काही उरलं नाही म्हणून असेल, तो कॉफीकडे वळला. आधी बिया आल्या, मग इवलासा तराजू, मग बदकाच्या मानेसारखी चोच असलेली किटली आणि शेवटी तो ग्राइंडर. काळा, जड, ओट्याच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला. देवांना घरात एक कोनाडा मिळाला होता. ग्राइंडरला खिडकीजवळची जागा. पाहुण्याला कॉफी मिळण्याआधी दळणाच्या जाडीवर व्याख्यान ऐकावं लागे. कप हातात आला की दादा विचारी, "जांभळाची चव लागतेय का?" ज्यांना पुण्याची गाडी गाठायची असे ते सगळे लागते म्हणत. मी एकदा "मला कॉफीची लागतेय" म्हणाले, तर पुढच्या भेटीत मला चहा मिळाला.

आजूबाजूच्या बंगल्यांतल्या निवृत्तांचं त्यानं एक मंडळही काढलं होतं. अध्यक्ष अर्थातच तो. तो गेल्यावर त्या मंडळानं शोकसभा घेतली, आणि एका गृहस्थांनी त्याच्या "कॉफीसाधने"बद्दल इतकं गहिवरून सांगितलं की मला मध्येच उठून खोकायला जावं लागलं. मी आयुष्यभर पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली आहेत. फुगलेला शब्द दिसला की हात आपोआप पेन शोधतो.

ग्राइंडर साफ करणं हा मात्र त्याचा खरा विधी होता. रविवारी सकाळी, अंघोळ झाल्यावर. ओट्यावर जुनं धोतर अंथरायचं. वरचं बियांचं भांडं काढायचं. आत दातेरी पोलादी चकत्या असतात, जात्याच्या दोन पाळ्यांसारख्या, एकावर एक; वरची फिरवून उचलायची. मग मऊ ब्रश, बांबूची काडी, शेवटी रबरी फुग्यानं वारा. पाण्याचा थेंब चालत नसे. दुसऱ्या कुणाचा हातही चालत नसे. वहिनीला तर त्यानं सक्त मनाई केली होती. वहिनी चहा पिणारी, तिला त्याचं काही वाटत नसे. "तुझ्या भावाच्या त्या बाहुलीला मी हात लावत नाही," ती म्हणे, "तिचं न्हाणंमाखणं त्यानंच करावं."

दादा ऐन पावसाळ्यात गेला. दुपारच्या कॉफीच्या वेळी, खुर्चीत बसल्या बसल्या. समोर कप होता आणि कप काठोकाठ भरलेला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एवढंच सांगायची. "प्यायला नाही गं. दळली, केली, आणि प्यायला नाही."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी पिठाचं ताट घेऊन आल्या. दादाच्या ओळीतले बंगले ज्या भातखाचरांवर उभे आहेत ती एकेकाळी मावशींच्या घरची. उरलेल्या तुकड्यात त्यांचा मुलगा अजून भात लावतो. त्यांच्याकडची रीत अशी की माणूस जातो त्या जागी दिवा लावायचा, दिव्याजवळ ताटात पीठ पसरून ठेवायचं, वर बांबूची पाटी पालथी घालायची. सकाळी पाटी उचलून बघायचं. पाखराचं पाऊल उमटलं असेल तर माणूस पाखराच्या जन्माला गेला, गाईचं उमटलं तर गाईच्या. आमच्या घरात ही रीत नाही. पण त्या दिवसांत आमच्या घरात कुणाला नाही म्हणायचं बळही नव्हतं.

सकाळी मावशींनी पाटी उचलली. पीठ इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. त्या गुडघ्यांवर हात ठेवून कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. मग पदर सावरत उठल्या.

"न्हाई उमटलं," त्या म्हणाल्या. "म्हंजे आजून हितंच हायेत."

दूधवाला अजून आला नाही, असं सांगावं तितक्या सहज. मी ते ऐकलं आणि विसरून गेले. वहिनी विसरली नाही.

पुढचं मला भाच्याकडून कळलं. तो पुण्यात असतो, कॉम्प्युटरवर काम करतो, आणि घाबरला की मुद्देसूद बोलतो.

"आत्या, एक, तेराव्यानंतर ग्राइंडरचा प्लग मी स्वतः काढून ठेवलाय. दोन, बिया होत्या त्या मी घेऊन आलो. तरी आई म्हणते, रोज सकाळी खालच्या डब्यात ताजी पूड पडलेली असते."

"तू बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"मग काय, मी निघून आलो."

एरवी आम्ही दोघं हसलो असतो. पण वहिनीचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळा भार उजव्यावर, आणि त्यातला मोतीबिंदू पिकून आता डोळ्यातला दाब वाढायला लागला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, त्या दिवशी ती गाडीत बसली, फाटकाशी आल्यावर "गॅस बघून येते" म्हणून उतरली, आत गेली आणि आतून कडी लावली. तो घरात दळत बसलेला असताना घराला कुलूप लावून जायचं तिला जमेना. डॉक्टरांनी दुसरी तारीख दिली. तिसरी द्यायची वेळ आली तर तोवर डोळ्यात वाचवण्यासारखं काही उरलेलं नसेल, असं त्यांनी भाच्याला सरळ सांगितलं. ग्राइंडर टाकून द्यायचा विषय काढला की ती जेवायची थांबे.

"तू जा," भाचा म्हणाला. "तो साफ कर. एकदा नीट उघडून सगळं काढून टाक. तुला ती हात लावू देईल, तू बाबांची बहीण आहेस."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी लोकलनं लोणावळ्याला उतरले आणि रिक्षानं वलवणला आले. पावसानं उघडीप दिली होती, पण धुकं होतं. लोणावळ्याचं धुकं बघायला लोक मुंबईहून येतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी कोरड्या घरी जातात. इथं राहणाऱ्याच्या घरात ते आत येतं. मीठ पाझरतं, काड्या पेटत नाहीत, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव चढते. रिक्षावाल्यानं मला फाटकाशी सोडलं तेव्हा घर दिसत नव्हतं. दिसत होती फक्त स्वयंपाकघराची खिडकी, आत दिवा लावलेली, हवेत टांगल्यासारखी.

"आलीस? उशीर केलास," वहिनी म्हणाली. "आजची पडून गेली."

ती दारात उभी होती, माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत. तेवढंच तिला दिसत असावं. मी पिशवी ठेवली आणि ओट्याशी गेले. ग्राइंडर जागेवर होता. वरचं भांडं रिकामं, वायर गुंडाळून रबर लावलेली. खालचा काचेचा डबा मी उचलून खिडकीकडे धरला. तळाशी चिमूटभर पूड होती. काळपट, कोरडी. त्या घरात कोरडं असं काहीच नव्हतं. कुंकवाचासुद्धा गोळा झाला होता.

"वास घे," वहिनी म्हणाली. "मी हात लावत नाही. वास घेते फक्त."

मी वास घेतला. कॉफीचा होता. जांभळाचा नव्हता, एवढं मी मनातल्या मनात दादाला ऐकवलं. पण दळून कितीतरी आठवडे झालेल्या कॉफीचा वास असा नसतो, हेही मला कळत होतं. दादानं निदान तेवढं शिकवलं होतं. कळलेलं मी बाजूला ठेवलं, कारण मी वास घ्यायला आले नव्हते.

"वहिनी, घरामागून मालगाड्या जातात. कपाटातल्या बश्या वाजतात की नाही?"

"वाजतात."

"मग यंत्रात जुनी पूड अडकलेली असणार. गाडी गेली, हादरा बसला, पडली चिमूट."

"रोज?"

"गाड्या रोज जातात."

ती हसली. "तुझा भाऊसुद्धा असंच समजावून सांगायचा. समोरचा गप्प होईपर्यंत."

मी ओट्यावर धोतर अंथरलं. ते तिनंच काढून दिलं, घडी करून ठेवलेलं, त्यावर तपकिरी डाग. ब्रश, काडी, रबरी फुगा. या गोष्टी मांडताना मला अवघडल्यासारखं व्हायला लागलं. मी त्या ज्या क्रमानं मांडत होते तो क्रम मी ठरवलेला नव्हता. वहिनी स्टुलावर बसली, हात मांडीवर घेऊन. तिला नीट दिसत नव्हतं, तरी तिचं तोंड माझ्या हातांकडे वळलेलं होतं.

वरची चकती फिरेना. दादा ती दोन बोटांनी फिरवायचा. मी फडकं गुंडाळून जोर लावला, दोनदा हात निसटला, मग आतून काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि ती सुटली. उचलली तर खाली दात दिसेचनात. सगळ्या खाचा कसल्यातरी करड्या-तपकिरी लगद्यानं भरल्या होत्या. वर पातळ साय धरलेली, आत चिकट. आंबील नासल्यावर येतो तसा वास सुटला. मी काडी घातली, ती रुतून उभी राहिली. खरं सांगते, मी काडी सोडून हात मागं घेतला. पोलादी यंत्र उघडल्यावर आत असं मऊ काही असेल अशी कुणाची अपेक्षा नसते.

"काय आहे?" वहिनीनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात मागच्या दारानं मावशी आल्या. हातात अळूची पानं. त्यांनी ओट्यावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "आवो ताई, त्यो तर तांदूळ हाय."

"तांदूळ? यात कुणी घातला?"

"मी. म्हंजे काय? तेराव्याला समदं घर धुतलं, मंग हे कसं सोडायचं? गिरणीत दळान बदलायचं आसलं की आदी मूठभर तांदूळ टाकत्यात. पाळ्या साफ व्हत्यात. ह्याच्यात गेलेल्या मानसाचं शेवटचं दळान आडकलेलं. ते तसंच ठिवायचं व्हय?"

"कुठला तांदूळ टाकलात?"

मावशींना प्रश्नच अपमानाचा वाटला. "घरचा. इंद्रायणी. आमी काय दुकानातला खातो?"

"आणि पाणी?"

"न्हाई बा. वल्या फडक्यानं पुसलं निस्तं. आतनं."

मला हसू आलं, मोकळं झाल्याचं हसू. इंद्रायणी शिजला की कसा होतो ते मावळात कुणाला सांगायला नको. शीत शिताला सोडत नाही. त्याचं पीठ, वर ओलं फडकं, वर हे धुकं. यंत्रात खळ तयार झाली होती. दादाची अडकलेली जुनी पूड त्या खळीत बसली, खळ वरून जरा सुकली की कपचा सुटायचा, गाडीच्या हादऱ्यानं पडायचा. पूड कधीपासून पडायला लागली, असं मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, तेराव्यानंतर. आणखी काय हवं होतं?

मी ते सगळं दोघींना नीट समजावून सांगितलं. धडा शिकवल्यासारखंच सांगितलं असणार, कारण मावशी मध्येच म्हणाल्या, "ताई लय शिकल्यात," आणि अळूच्या शिरा काढायला लागल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पर तांदूळ पांढरा आसतो."

"म्हणजे?"

"खाली पडतीय ती काळी. पांढरं कुटं हाय तिच्यात?"

मी म्हटलं, चिमटीत किती पांढरं दिसणार. त्यांनी अळूचं पुढचं पान उचललं.

ते काम दुपारपर्यंत पुरलं. लगदा काडीनं खरवडून काढला, चकत्यांचा एकेक दात कोरला, पूड उतरते ती छोटी पन्हळ कापसाच्या बोळ्यानं पुसली, पुन्हा पुन्हा, बोळा पांढरा निघेपर्यंत. गॅसजवळ सगळे भाग सुकवले. पोलाद चकाकायला लागलं. मग मी यंत्र उलटं केलं आणि तळव्यानं थोपटलं, बाळाला ढेकर काढतात तसं. काही पडलं नाही. मावशी केव्हाच गेल्या होत्या.

"सगळं निघालं?" वहिनीनं विचारलं.

"सगळं."

"म्हणजे आता पडणार नाही?"

"नाही."

तिला बरं वाटेल अशी माझी समजूत होती. तिचा चेहरा मात्र घरातून कुणी सामान उचलून नेताना बघावं तसा झाला होता.

"तुझी एवढी खात्री आहे?" ती म्हणाली.

"आहे. उद्या सकाळी तुझा मुलगा गाडी घेऊन येईल. डबा रिकामा असला तर तू गाडीत बसायचं. मध्ये गॅस बघायला उतरायचं नाही."

"आणि पडली असली तर?"

"तर गाडी मी परत पाठवीन."

बोलून गेले. भाच्याला हे कळलं असतं तर त्यानं मला धक्के मारून बाहेर काढलं असतं. एका डोळ्याची नजर मी चिमूटभर पुडीवर लावली होती, आणि लावताना मला जरासुद्धा भीती वाटली नव्हती. यंत्र मी स्वतः उघडून पाहिलं होतं.

"चालेल," वहिनी म्हणाली. "तू शब्द फिरवणार नाहीस. तू त्याचीच बहीण."

जेवून ती आडवी झाली. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले. दादाची खुर्ची समोरच होती, खिडकीशी. खिडकी ओलीनं फुगली होती, बंद होत नव्हती. फटीतून धुकं आत येत होतं आणि जमिनीवर न पसरता खुर्चीपाशीच दाटत होतं. वाऱ्याचा झोत तिथं अडत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पुस्तकाचं तेच पान मी वाचत राहिले.

मग वास आला. दुपारचे तीन वाजायला आले असतील, त्याची कॉफीची वेळ. आधी वाटलं हातांचा येतोय. हात नाकाशी धरले. हातांना नासक्या आंबिलीचा वास होता. हा वेगळा होता. कोरडा, गरम, भाजलेला. स्वयंपाकघरातून येत होता, आणि दारातून कुणी कप घेऊन आल्यावर वाढावा तसा तो जवळ येता येता वाढला. खुर्चीपर्यंत आला आणि थांबला.

मी उठले नाही. उठले असते तर काय दिसलं असतं, या विचारानं उठले नाही असं आता म्हणता येईल. तेव्हा मात्र मी फक्त पुस्तक घट्ट धरून बसले होते. मागून मालगाडी गेली. बश्या वाजल्या. वास विरला. मग मी स्वयंपाकघरात गेले, डबा काढला, उजेडात धरला. रिकामा. पन्हळीखाली बोट फिरवलं. स्वच्छ.

वहिनी आतून म्हणाली, "आला ना?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि कूस बदलल्याचा आवाज आला.

संध्याकाळी आम्ही अळूची भाजी खाल्ली, त्याच इंद्रायणीचा भात खाल्ला आणि दादाविषयी चकार शब्द न बोलता झोपलो. मला झोप लागली. सांगण्यासारखं काही ऐकू आलं नाही.

उजाडताना जाग आली. शेजारचं अंथरूण रिकामं होतं. मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. दिवा लावलेला नव्हता. खिडकीबाहेर दुधासारखं पांढरं, आत राखाडी. वहिनी ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभी होती, अगदी स्थिर. आणि ताज्या दळलेल्या कॉफीचा वास तिथं इतका भरला होता की तोंडाला पाणी सुटलं. मी, जिला कॉफी आवडत नाही.

"वहिनी?"

ती चटकन हलली. नळ सुरू झाला, बंद झाला. मग ती वळली, काचेचा डबा दोन्ही हातांत धरून. तो तिनं माझ्यापुढे केला.

"रिकामा आहे," ती म्हणाली. "चल, आवरूया. तो येईल इतक्यात."

मी डबा घेतला. रिकामा होता. आणि ओला होता. काचेवरून थेंब ओघळून माझ्या मनगटावर आले. ज्या डब्याला त्या घरात कधी पाणी लागलं नव्हतं, तो तिनं धुतला होता. कशासाठी, ते मी विचारू शकले असते. विचारलं असतं आणि तिनं खरं सांगितलं असतं तर दिलेल्या शब्दाप्रमाणे मला गाडी परत पाठवावी लागली असती. मी डबा पालथा घातला आणि तिच्यासाठी अंघोळीचं पाणी तापायला ठेवलं.

भाचा आला तेव्हा त्याची आई तयार होती. त्यानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, इंद्रायणी तांदूळ होता, गाडीत सांगते. मावशी फाटकाशी आल्या होत्या.

"निघाल्या?" त्यांनी वहिनीला विचारलं.

"निघाले. घराकडे बघा."

"बगते की. कुणी आसलं तर च्या करून दीन."

"चहा नको," वहिनी म्हणाली. मावशींनी मान डोलावली, आणि दोघी हसल्या. भाच्यानं गाडी सुरू केली. वहिनीनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. तसंही तिला दिसलं नसतं. धुक्यात घर केव्हाच बुडालं होतं.

वडगाव ओलांडल्यावर ऊन लागलं. मी भाच्याला तांदळाची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की त्याला गाडीचा वेग कमी करावा लागला. वहिनीही हसली. तिचा उजवा हात मात्र पदराखाली होता, मुठीत.

दवाखान्यात एका तरुण नर्सनं तिला हिरवा झगा घातला, कानातलं काढून माझ्या हातात दिलं, मग तिचे हात पालथे करून बघितले आणि थबकली.

"आजी, नखांत काय हे? मेंदी?"

वहिनी म्हणाली, "कॉफी."

"कॉफी पिऊन आलात? काल फोनवर सांगितलं होतं ना, सकाळी काही घ्यायचं नाही म्हणून! आता डॉक्टर मला ओरडणार."

"मी नाही कॉफी पीत," वहिनी म्हणाली.

"मग ही कुणाची?"

भाचा फोनवर होता. नर्सनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग तिनं वहिनीला बेसिनपाशी नेलं आणि ब्रशनं तिची नखं घासायला लागली. बेसिन पांढरं होतं. पाणी तपकिरी होऊन जात होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच वेळ ते तसंच जात राहिलं. वहिनी मान खाली घालून उभी होती, शाळेतल्या मुलीसारखी हात पुढं करून. नर्सनं नळ बंद केला तेव्हा तिनं ओले हात एकदा नाकाशी नेले, आणि मग म्हणाली, "झालं. चला आता."

डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा तिनं आधी भाच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ, अगदी समोर. "केवढी म्हातारी झालीस गं," ती म्हणाली. डॉक्टरांनी थेंब घालायला सांगितले, धूर-धूळ टाळायला सांगितलं, आणि ती मुलाकडे पुण्यातच राहिली. मला वाटलं होतं ती वलवणला परत जायचा हट्ट धरेल. तिनं नावही काढलं नाही. आठवडाभरानं मी भेटायला गेले तेव्हा तिनं उशीखालून घराची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"तू जात जा अधूनमधून," ती म्हणाली. "खिडक्या उघड, हवा खेळू दे. आणि तो डबा पुसून ठेवत जा. पाण्यानं नको. कोरड्या फडक्यानं."

मी पाळ्यांचे दात कोरलेले, पन्हळ पुसलेली, बोळा पांढरा निघालेला. पन्हळीच्या वळणावर जिथं कापूस पोचत नाही तिथं थोडं राहिलं असणार, हे माझं स्पष्टीकरण अजून आहे आणि त्यात काही चूक नाही. मी महिन्यातून एकदा जाते. मावशी किल्लीचा आवाज ऐकून मागच्या दारी येतात, पण आता आत येत नाहीत. मी खिडक्या उघडते, डबा पुसते, फडकं बाहेर झटकते.

परवा भाच्यानं विचारलं, दर वेळी पुसण्यासारखं असतं तरी काय त्यात?

मी म्हटलं, धूळ.